दवाखाना म्हटलं की केमिस्टकडे!

प्रश्न : ताई, आम्ही मेलबर्नला डँडेनाँगमध्ये राहतो. शेजारी पाच महिन्यांपूर्वी एक अफगाण कुटुंब आलंय, कायमच्या रेफ्युजी व्हिसावर. भाऊंचा एक पाय सुरुंगात गेला, काबूलला रेडक्रॉसच्या सेंटरमध्ये बसवून घेतलेला जयपूर फूटसारखा पाय आता टोचतो. अकरा वर्षांच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, घरातले हातवारे सोडले तर भाषाच नाही तिला. वहिनींना सिरियल बघून हिंदी येतं म्हणून सगळीकडे मीच मधे बोलते. परवा मी "चार वाजता दवाखान्यात" म्हटलं तर ते केमिस्टकडे जाऊन बसले, अपॉइंटमेंट बुडाली. मी अजून काय करू?

उत्तर : अगं, त्यांच्या दरी भाषेत, म्हणजे अफगाणी फारसीत, दवाखाना म्हणजे औषधाचं दुकानच, हॉस्पिटल म्हणजे शफाखाना! शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला पण वाटेत अर्थ बदलला. तर पहिलं काम म्हणजे मधे बोलणं सोड. टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेचा १३१ ४५० नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटव, डॉक्टरांना दुभाषा फुकट मिळतो, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, दरी की हझारगी (हझारा लोकांची बोली) ते पण. वहिनींना काही खासगी विचारायचं असेल तर तुझ्यासमोर त्या कशा बोलणार? बाई दुभाषी मागता येते.

पाय टोचतो ते मात्र उद्याच दाखवा, तुटलेल्या पायाचा उरलेला भाग काळाने बारीक होतो मग सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) घासतो आणि जखम चिघळली की चालणंच बंद. नवीन पायासाठी एनडीआयएसचा, म्हणजे अपंगांसाठीच्या सरकारी मदत योजनेचा, अर्ज करायचा, व्हिसा कायमचा आहे आणि वय ६५च्या आत आहे ना, मग वर्षानुवर्षं थांबायचं कारण नाही. डिसॅबिलिटी पेन्शनला बाकी मायग्रंट्सना १० वर्षांची अट असते, रेफ्युजींना नाही, हे काउंटरवरच्या माणसालाही कधीकधी आठवण करून द्यावं लागतं (मी काही बोलत नाही!). काबूलचे मेडिकल कागद असतील तर टाकू नका, व्हिसा मिळाल्यापासून २ वर्षांत १० कागद सरकार फुकट भाषांतर करून देतं.

माझा जीव खरा अडकलाय त्या पोरीत. शाळा ऑस्लानचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन खुणांच्या भाषेचा, दुभाषा देईल आणि म्हणेल झालं काम, पण तिला ऑस्लान कुठे येतं? तिथे स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषाही लागतो, जो तिचे हातवारे, चित्रं, चेहरा वाचून पुढच्याला सांगतो. आईवडिलांना हे शाळेत स्वतः मागू दे, तू फक्त शेजारी बस. आणि संध्याकाळी तिला तुझ्या मुलांत खेळायला बोलव, ऑस्लानची एबीसीडी दोन्ही हातांची असते, मुलं चार दिवसांत उचलतील, तुला जरा वेळ लागेल.