ताऱ्याचा उजेड कमी झाला म्हणजे समोरून ग्रहच गेला, हे कशावरून?

दुर्बिणीतूनही तारा ठिपक्याएवढाच दिसतो, मग त्याच्यासमोरून गेलेला ग्रह कळतो कसा आणि तो ग्रहच कशावरून, असं तुम्ही विचारलंय. पहिला भाग सोपा आहे. गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक दशांश, म्हणजे तो सूर्याच्या तबकडीचा शंभरावा भाग झाकेल. तेव्हा असा ग्रह आडवा आला की ताऱ्याचा उजेड सुमारे १ टक्क्याने उतरतो. डोळ्यांना हे कळत नाही. रात्रभर फोटो काढून शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं की दिसतं.

खरी मेख दुसऱ्या भागात आहे. जोडताऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याला जरासं कडेने झाकलं तरी उजेड असाच उतरतो. शिवाय सगळ्यात लहान लाल बटू तारे आकाराने गुरूएवढेच भरतात. त्यामुळे नुसत्या आकारावर भागत नाही, वस्तुमान काढावंच लागतं. सोबत्याच्या ओढीने तारा पुढेमागे हलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या (उजेड रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा सरकतात. सोबती तारा असेल तर हा वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर निघतो, ग्रह असेल तर मीटरमध्ये.

१९९९ साली महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्याबाबत हे दोन्ही पुरावे पहिल्यांदा एकत्र आले, आणि मला ही गोष्ट फार आवडते. तारा साडेतीन दिवसांच्या फेऱ्याने सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास हलतोय, हे आधी कळलं होतं. त्यावरून ग्रह कधी आडवा येऊ शकेल ती वेळही काढता येत होती. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतून अवघ्या १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने सप्टेंबरमध्ये पाहिलं, तर नेमक्या त्या वेळी उजेड दीडेक टक्क्याने उतरला आणि तीन तासांनी पूर्ववत झाला. ग्रेग हेन्री यांनाही ॲरिझोनातल्या स्वयंचलित दुर्बिणीने नोव्हेंबरमध्ये तेच स्वतंत्रपणे दिसलं. ताऱ्यांचं असं हलणं म्हणजे ताऱ्याचंच काहीतरी स्पंदन असेल, असं तोवर काही जण म्हणत होते. तो वाद या निरीक्षणाने मिटला. वस्तुमान गुरूच्या सुमारे ०.७ पट, व्यास मात्र गुरूहून तिसऱ्या हिश्शाने जास्त. म्हणजे हा वायूचाच गोळा.

आपल्याकडेही हे काम होतं. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या टीओआय १७८९ बी या ग्रहामुळे उतरणारा उजेड 'टेस' या अवकाश दुर्बिणीने टिपला होता. त्याचं वस्तुमान अहमदाबादच्या पीआरएलच्या (भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या) गटाने माउंट अबूवरच्या 'पारस' वर्णपटमापकाने काढलं.

स्वतः करून पाहायचं असेल तर जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३ घ्या. डंबेल तेजोमेघाच्या अगदी जवळ आहे, ग्रह २.२ दिवसांत फेरी मारतो आणि उजेड २ टक्क्यांहून जास्त उतरतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो चांगला वर असतो.