मे महिन्यात गोव्यात फुलपाखरं कुठे बघावीत?

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यात येणार आहात आणि रानफुलांनी भरलेल्या माळावर फुलपाखरं बघायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. मेमध्ये आमचे सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, वाळून करपलेले असतात, जांभा दगड नुसता तापतो. फुलांचं कुरण बघायचं तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुमारास या. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी, कांगणं ही रानफळं शोधत आम्ही रानात फिरतो तेव्हा सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवं फुललेली असतात.

पण मेमध्ये येणार असाल तर माळ सोडा आणि व्हाळ, म्हणजे रानातला ओढा, गाठा. मोले, बोंडला, खोतीगाव, म्हादईचं रान, यातलं कुठलंही अभयारण्य चालेल. पाणी आटत आलेलं असतं. काठाच्या ओल्या वाळूवर सकाळी नऊनंतर ऊन पडलं की फुलपाखरं उतरू लागतात. बहुतेक सगळे नर. फुलांच्या मधात मीठ फार कमी, म्हणून ते ओल्या मातीतून शोषतात, आणि मीलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात. पोटावर पडून बघा: सोंड वाळूत खुपसलेली, पंख किंचित थरथरताहेत आणि मागून पाण्याचे थेंब टपटप बाहेर पडताहेत. मीठ ठेवायचं, पाणी टाकायचं. मी तासन्‌तास हे बघत बसलोय. तुमची सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका, सगळा थवा एकदम उठतो.

रानात जायला जमलं नाही तर एखाद्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेला थांबा. पिटकुळीच्या झुडपाच्या लाल फुलांच्या झुबक्यांवर नीलवंत हे फुलपाखरू येतं. काळे मखमली पंख, त्यावर निळी झाक, पसरले की बारा-पंधरा सेंटिमीटर भरतात. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, त्यामुळे पोरसातलं, म्हणजे परसबागेतलं, लिंबाचं झाडही न्याहाळा. आणि आंब्यावर बांडगूळ दिसलं तर वर बघा, हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू तिथेच घिरट्या घालत असतं. त्याची मादी बांडगुळाच्याच पानांवर अंडी घालते. आंबा वाचवायला लोक बांडगूळ छाटतात, ते मला कळतं. आमच्या परड्यातल्या म्हाताऱ्या आंब्यावरची एक फांदी मात्र मी कुणाला तोडू देत नाही.

पहिला जोराचा पाऊस पडला की व्हाळाला पाणी येतं आणि वाळू बुडते, तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यातच या.