वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकात दोन प्रोसेसर

प्रश्न : मी सांगलीत पंप आणि व्हॉल्व्ह तयार करणाऱ्या लहान कारखान्यांना प्रवाहाची गणिते करून देतो. त्यासाठी ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरतो. एका मॉडेलमध्ये दीड-दोन कोटी सेल (प्रवाहाच्या जागेचे लहान तुकडे) असतात आणि माझ्या चार कोअरच्या (प्रोसेसरमध्ये आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) संगणकावर एक गणित संपायला तीन-तीन दिवस लागतात. वापरलेले दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे) प्रोसेसर आणि त्यांचा मदरबोर्ड घेऊन घरीच संगणक जोडावा, की सोळा कोअरचा एकच नवा प्रोसेसर घ्यावा? जोडायचा ठरल्यास सुटे भाग निवडताना काय पाहावे?

उत्तर : आपण कामाचे स्वरूप नेमके कळवलेत हे फार बरे केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर कोअरच्या संख्येवर नव्हे, तर कामावर ठरते. प्रवाहाच्या गणितात प्रोसेसर प्रत्येक सेलसाठी आकडेमोड थोडी करतो आणि रॅममधून आकड्यांची ने-आण मात्र सतत करत राहतो. साखर कारखान्याची गाळपक्षमता दुप्पट केली पण वजनकाटा एकच ठेवला, तर फाटकाबाहेरची उसाच्या गाड्यांची रांग हलत नाही. तसेच इथेही होते. आपला वजनकाटा म्हणजे रॅमची चॅनेल, म्हणजेच रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले माहितीचे मार्ग.

त्यांचा हिशेब सोपा आहे. २०१६ साली आलेल्या झिऑन ई५-२६०० व्ही४ मालिकेतील वरच्या श्रेणीच्या प्रत्येक प्रोसेसरला डीडीआर४-२४०० रॅमची चार चॅनेल असतात. एका चॅनेलमधून सेकंदाला १९.२ जीबी, चारांतून ७६.८ आणि दोन प्रोसेसर मिळून १५३.६ जीबी माहिती जाऊ शकते. आजच्या सोळा कोअरच्या रायझेन ९ ९९५०एक्सला डीडीआर५-५६०० ची दोनच चॅनेल आहेत, म्हणजे ८९.६ जीबी. त्याचा एकेक कोअर जुन्या झिऑनपेक्षा कितीतरी वेगवान आहे यात शंका नाही, पण आपल्या गणितात ते सोळा कोअर बराच वेळ रॅमची वाट पाहत थांबतील. त्यामुळे मोठ्या मॉडेलवर झिऑनची जोडी पुढे राहते. मॉडेलचे सेल पाडून जाळे तयार करणे आणि निकालांची चित्रे काढणे या कामांत मात्र ती मागे पडेल, कारण त्यांतला पुष्कळ भाग एकाच कोअरवर चालतो.

याच हिशेबातून एक तिसरा पर्यायही पुढे येतो आणि तो आपण आधी तपासावा असे मला मनापासून वाटते. २०१९ च्या एएमडी एपिक ७००२ मालिकेत एकाच प्रोसेसरला डीडीआर४-३२०० ची आठ चॅनेल आहेत, म्हणजे २०४.८ जीबी. तो वापरलेला आणि परवडेल अशा किमतीत मिळाला, तर दोन प्रोसेसरचा सगळा खटाटोपच टळतो. एवढीच काळजी घ्या की मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेले काही एपिक त्या-त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचे बांधलेले असतात आणि दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. विक्रेत्याकडून याबाबत लेखी हमी घ्यावी.

एपिक न जमल्यास आपण ई५-२६८० व्ही४ ची जोडी पाहावी. त्याला चौदा कोअर आहेत, मूळ वेग २.४ आणि कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, तर उष्णतेची मर्यादा १२० वॅट. बावीस कोअरचे प्रोसेसरही मिळतात, पण वजनकाटा तोच असल्याने आपल्याला त्यांचा उपयोग होणार नाही. नाव वाचताना ‘२६’ मधला दोनचा आकडा महत्त्वाचा आहे : ई५-१६०० मालिकेतले प्रोसेसर जोडीने चालतच नाहीत. तसेच व्ही१ आणि व्ही२ हे प्रोसेसर एलजीए २०११ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) व डीडीआर३ रॅमचे, तर व्ही३ आणि व्ही४ हे २०११-३ सॉकेटचे. नावे सारखी वाटली तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रोसेसरच्या झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे छापलेले दिसले तर तो चाचणीसाठीचा नमुना समजावा आणि परत करावा.

मदरबोर्ड मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर हाती घेऊन घ्या किंवा कुरिअरने मागवा, पैसे चुकते करण्यापूर्वी दोन्ही सॉकेटची झाकणे उघडून पाहणे सोडू नका. टॉर्च सॉकेटच्या एका कडेला जवळजवळ आडवी धरली की दोन हजारांवर पिनांची टोके शेतातल्या सऱ्यांसारखी एका रेषेत चमकतात आणि जिथे पिन वाकलेली असेल तिथे त्या ओळीत एक काळा ठिपका पडतो. मी स्वतः एकदा ही तपासणी घाईने केली. संगणक सुरू झाला, पण रॅमच्या आठ स्टिकपैकी सातच दिसत होत्या. दोन दिवस स्टिकच्या अदलाबदलीत गेल्यावर दोष दुसऱ्या सॉकेटच्या कोपऱ्यातल्या एका पिनेत सापडला, आणि तोवर विक्रेत्याने माल परत घ्यायला नकार दिला होता.

रॅम म्हणून १६ जीबीच्या आठ सारख्या रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरसाठीच्या) स्टिक घ्याव्यात आणि प्रत्येक चॅनेलमध्ये एक बसवावी. ३२ जीबीच्या चार घेतल्या तरी बेरीज १२८ जीबीच होते, परंतु अर्धी चॅनेल रिकामी राहतात, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खर्च केला तेच हातचे जाते. साध्या संगणकाची रॅम तिच्यात मिसळू नये.

एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीला) प्रोसेसरसाठी आठ पिनांच्या दोन स्वतंत्र वायरी हव्यात. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिची जोडणी उलट आहे. जोर लावून ती बसवली तर बोर्ड जळू शकतो. साध्या ग्राफिक्स कार्डासह ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरेल. असे बोर्ड बहुधा १२ बाय १३ इंचांचे असल्याने नेहमीच्या कॅबिनेटमध्ये मावत नाहीत. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली जिथे भोक नाही तिथे पितळी खुंटी राहिली असेल तर ती आधी काढावी, नाहीतर ती बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट होतो. कूलर घेण्यापूर्वी सॉकेटचे स्क्रू चौकोनी मांडणीचे आहेत की अरुंद, हे मोजून घ्यावे. दोन्ही कूलर असे बसवावेत की एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर येणार नाही.

घरी आवाजाचा त्रास होतो म्हणून आपण मंद पंखे लावाल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. सर्व्हरच्या बोर्डावर पंख्यांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियंत्रक असतो. पंखा ठरावीक मर्यादेखाली फिरला की तो बंद पडला असे समजून नियंत्रक सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो, मग वेग वाढला म्हणून पुन्हा कमी करतो, आणि रात्रभर हेच चालते. ती खालची मर्यादा नियंत्रकात बदलून घेतली की घर शांत होते.

विजेचाही विचार हवा. संगणकाने ४०० वॅट घेतले आणि तो रोज दहा तास चालला, तर दिवसाला ४ आणि महिन्याला १२० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतो, तेव्हा ही भर वरच्या टप्प्याच्या दराने मोजावी. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस या संगणकाला पुरणार नाही.

सगळे जुळल्यावर लिनक्स टाका, हायपरथ्रेडिंग (एका कोअरला दोन कोअरसारखे दाखवणारी सोय) बंद करा आणि गणिताचे अठ्ठावीसच भाग पाडून प्रत्येक भाग एकेका कोअरला बांधा. छप्पन्न भाग पाडून वेग वाढत नाही.

प्रश्न : मी पुण्यात लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करतो. दोन प्रोसेसर घेतल्यास काम दुप्पट वेगाने होईल का?

उत्तर : नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल, तर चौदा कोअरवर ते ६.१ पट आणि अठ्ठावीस कोअरवर ७.६ पट वेगाने होते. म्हणजे कोअर दुप्पट झाले तरी वेग जेमतेम पाव भागानेच वाढला. आपण एकच नवा वेगवान प्रोसेसर आणि चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावे.

प्रश्न : दोन सॉकेटचा बोर्ड घेऊन सध्या एकच प्रोसेसर बसवला तर चालेल का? आणि विंडोज कोणती घ्यावी?

उत्तर : चालेल, पण पहिल्या सॉकेटमध्येच बसवावा लागेल, आणि दुसऱ्या सॉकेटला जोडलेले रॅमचे व कार्डांचे स्लॉट तोवर बंदच राहतील. पुढे अगदी तसाच दुसरा प्रोसेसर शोधावा लागतो, म्हणून जोडी एकदमच घ्यावी. विंडोजची होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते. दोहोंसाठी प्रो लागते. मात्र विंडोज ११ च्या अधिकृत यादीत व्ही४ मालिका नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आपले सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे बोर्ड घेण्याआधी पाहून घ्या.