आधुनिक इराण समजून घ्यायला कोणाला वाचावं?

माझं उत्तर एकच: इतिहासकार एरवांद अब्राहमियान. जन्म १९४०, तेहरानमधलं आर्मेनियन कुटुंब. शिक्षण इंग्लंडमध्ये, नंतर न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात कित्येक वर्षं अध्यापन. सुरुवात केली ती इराणमधल्या तुदेह या डाव्या पक्षाला पाठिंबा देणाऱ्या समाजगटांच्या अभ्यासाने. पुढे १९७९ ची इस्लामी क्रांती झाली आणि त्याच अभ्यासातून १९८२ चा 'इराण बिटवीन टू रेव्होल्यूशन्स' हा मोठा ग्रंथ उभा राहिला.

मला त्यांचं सर्वांत पटलेलं म्हणणं म्हणजे त्या क्रांतीचे नेते खोमेनी यांचा विचार निव्वळ धर्मवेड नव्हता, गरिबांना साद घालणारं ते लोकानुनयी राजकारण होतं. १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनने इराणचे पंतप्रधान मोसाद्देग यांना हटवण्यामागेही ते कम्युनिझमच्या भीतीपेक्षा तेलावरचा ताबा महत्त्वाचा मानतात. सुरुवात मात्र २००८ च्या 'अ हिस्टरी ऑफ मॉडर्न इराण'पासून करा, आटोपशीर आहे.