पणजोबांचे वडील 1850 च्या सुमारास इंग्लंडहून अमेरिकेत गेलेले लोहार होते. त्यांचं मूळ गाव कसं शोधायचं?

अमेरिकी नागरिकत्वाच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. 1906 पूर्वीच्या कागदांत बहुधा नुसतं 'इंग्लंड' असतं. लग्न इंग्लंडातच आणि जुलै 1837 नंतर झालं असेल, तर आधी लग्नाचा दाखला मागवा. त्यात वर-वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. वराचा बापही लोहार निघाला की अर्धं काम झालं.

मग 1851 ची इंग्लंडची जनगणना, त्यात जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) मिळतो; ते तोवर निघून गेले असतील, तर मागे राहिलेल्या घरच्यांची नोंद पाहा. 1841 ची मात्र फसवते: पंधरावरची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली ओढलेली, म्हणजे 29 चा माणूस 25 चा! आडनाव 'हॅरिस' असेल तर 'ॲरिस'ही शोधा. लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा.