मुलगी विचारते, बिग बँग खरं की उत्पत्ती?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. कॅटेकिझमच्या (चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या) क्लासमध्ये तिने विचारलं, बिग बँग खरं की देवाने सहा दिवसांत जग घडवलं हे बायबलमधलं खरं? तर 'श्रद्धा असेल तर असले प्रश्न पडत नाहीत' असं ऐकवलं तिला. आता मिस्सालाच (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) यायचं नाही म्हणते. काय सांगू तिला?
- एक आई, वसई

उत्तर : ताई, आधी तिला हे सांगा की बिग बँगची कल्पना ज्याने मांडली तो स्वतःच कॅथलिक फादर होता. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा. १९२३ ला दीक्षा घेतली, मग केंब्रिजला एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाकडे शिकला आणि १९२७ ला विश्व प्रसरण पावतंय असा पेपर लिहिला. आइनस्टाइन त्याला म्हणाला, गणित बरोबर आहे पण तुमचं फिजिक्स भयंकर आहे. लमेत्र मागे हटला नाही, १९३१ ला त्याने सगळं विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं असं मांडलं.

आणि मला तर पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९५१ ला पोप बारावे पायस भाषणात म्हणाले की बघा, विज्ञानच आता निर्मितीची साक्ष देतंय, तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला तो लमेत्रच. सिद्धांत उद्या चुकला तर श्रद्धेचं काय, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नका असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तुम्हीही 'बायबलात हे आधीच लिहिलंय' असं काही तिला सांगायला जाऊ नका, गप्प बसवण्याइतकंच ते वाईट.

गॅलिलिओचं ती काढेलच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटलं म्हणून १६३३ ला चर्चने त्याला शिक्षा केली, ती चूकच होती, सरळ कबूल करा.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ ला बाप्तिस्मा घेतला, तरी इंग्लंडमधल्या सिस्टरांशी ट्रिनिटीवरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) वाद घालत राहिल्या, मला स्वतःची बुद्धी आहे असं पत्रात ठणकावून लिहिलं आणि पुढे हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. प्रश्न पडतात म्हणून श्रद्धा कमी, हे त्यांना कोण सांगणार होतं?

मिस्साची जबरदस्ती सध्या नको. एका संध्याकाळी दोघी मिळून उत्पत्तीचे, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचे, पहिले दोन अध्याय वाचा. पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी. हे तिचं तिला सापडू द्या, आणि मग एखाद्या अभ्यासू फादरांकडे घेऊन जा, पण प्रश्न तिलाच विचारू द्या.