जुना लॅपटॉप घेताना काय बघू?

प्रश्न : ऑनलाइन एक वापरलेला लॅपटॉप बघितलाय, फोटोत एकदम नवा दिसतोय, विकणारा म्हणतो बॅटरी मस्त आहे, पण आधी अॅडव्हान्स पाठवा. घेऊ का?

उत्तर : अॅडव्हान्स अजिबात पाठवू नका. फोटो कुणीही चकाचक काढतो हो, मशीन हातात घेऊन बघा आणि मगच पैसे. भेटलात की चार्जर काढायला सांगा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची काळी खिडकी) पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे असतात, समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्केच उरलीय, मग "मस्त" कसली!

दुसरं म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर बघा. बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं मशीनचं सेटिंग) उघडून बघाच, तिथे पासवर्ड मागितला तर सरळ उठा, बऱ्याचदा ती कुठल्यातरी ऑफिसची मशीन असते. मॅक असेल तर विकणाऱ्याला समोरच आयक्लाउडमधून साइन आउट करायला लावा, नाहीतर अॅक्टिव्हेशन लॉकमुळे (मशीन जुन्या मालकाच्या खात्याला बांधून ठेवणारं कुलूप) नुसता डबा घरी येईल.

कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, बिजागरी हलवून बघा. आणि बिल मागा, नसेल तर का नाही तेही विचारा.